फिलू, तुझा न्गाँगचा डोंगर

फिलू, चार नाहीत. सात आहेत. मी स्वतः चालून, मोजून आले.

तू असतीस तर हातातला कप बशीत ठेवून म्हणाली असतीस, "चारच गो. मी मोजलेत." मी फोन काढून कुणीतरी लिहिलेलं तुला वाचून दाखवलं असतं, आणि तू फोनकडे ढुंकूनही न बघता म्हणाली असतीस, "लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आण." नैरोबी शहराच्या कडेला न्गाँग नावाचा लांबलचक डोंगर आहे, त्याच्या पाठीवर ओळीनं उंचवटे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं ते चढायला जातात, एवढ्यावर आपलं एकमत होतं. उंचवटे किती, यावर कधीच झालं नाही. आपण दोघी दोह्यात राहणाऱ्या, जिथं रस्त्यावर पडलेला चेंडूसुद्धा आपणहून घरंगळत नाही, आणि भांडत होतो आफ्रिकेतल्या डोंगरावरून.

तुला वसईला नेऊन मातीत ठेवलं त्याला आता महिना होऊन गेला. मी विमानतळाच्या कार्गोच्या दारापर्यंतच आले होते. तिथं तुझ्या नवऱ्याला, अँथनीला, काय बोलावं मला कळेना, म्हणून मी त्याला पाणी प्यायलास का असं तीनदा विचारलं. शेरॉन मात्र माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तुझी लेक, चोवीस तास इंग्रजीत, रडतेसुद्धा इंग्रजीत. म्हणाली, "आंटी, तू जाणार ना न्गाँगला? प्लीज गो. टेक पिक्चर्स ऑफ एव्हरी स्पॉट शी टोल्ड यू अबाउट. डिसेंबरमध्ये मी जाणार. आय वॉन्ट टू वॉक व्हेअर ममा वॉक्ड." मी हो म्हणाले. त्या हो म्हणण्यात आपण काय कबूल करतोय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आपली ओळख कशी झाली ते तुला आठवतं का? फरीज बिन ओमरानमधली आपली बिल्डिंग, लिफ्ट बंद, आणि आपण दोघी ग्रोसरीतून सामान घेऊन एकाच वेळी जिना चढायला लागलो. मला परभणीहून येऊन थोडेच आठवडे झाले होते. माझा नवरा मिलिंद दुखानला तेलाच्या कामावर, घरी फक्त वीकेंडला. मी त्या दिवशी कुणावर तरी चिडायचं ठरवूनच बाहेर पडले होते. दुसऱ्या मजल्यावर मी मोठ्यानं म्हणाले, "या देशात कुठं म्हणून चढ नाही, आणि माझ्या नशिबी आला तो जिना." मागून आवाज आला, "मराठी? मग चढ हवाय का तुला? माझ्याकडे एक डोंगर आहे."

असं वाक्य टाकून कुणी पुढं निघून गेलं तर मला झोप लागत नाही हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलं, "कुठं?" तू म्हणालीस, "आधी ही कांद्याची पिशवी धर."

वयानं तू मोठी, म्हणून मी 'ताई' म्हणायला गेले. "ताई म्हणशील तर डोंगर मिळायचा नाही," म्हणालीस. त्या दिवसापासून तू फिलू. माझं नाव तू चौकशी खिडकी ठेवलंस. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आणि बाटली समोर आली की आत काय आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. माणसांच्या बाबतीतही माझं तेच होतं, हे तू पहिल्या आठवड्यात ओळखलंस.

मी परभणीची. माझ्यासाठी डोंगर म्हणजे शाळेत चित्रकलेच्या तासाला काढायचे दोन त्रिकोण. तू वसईची, तुझ्या माहेरच्या केळीच्या वाडीत सगळ्यात मोठा चढ म्हणजे विहिरीचा काठ. पण तू दोह्यात यायच्या आधी काही वर्षं नैरोबीच्या एका हॉस्पिटलात नर्स होतीस, म्हणून आपल्या दोघींत डोंगराची जाणकार तू. उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून आपण जिना चढायला लागलो. न्गाँगची प्रॅक्टिस, असं तू म्हणायचीस. तळापासून गच्चीच्या दारापर्यंत जिन्यानं चढायचं, मग लिफ्टनं खाली यायचं, परत जिन्यानं चढायचं. "गुडघे जपायचे असतात," तू सांगायचीस, आणि ते नर्सच्या आवाजात सांगायचीस, त्यामुळे वाद संपला. "उतरण्यात काय आहे? उतरणं आपोआप होतं." वॉचमन पहिल्या दिवशी धावत आला होता, "मॅडम, लिफ्ट खराब नहीं है!" तू त्याला म्हणालीस, "मालूम है भैया, हम लोग पहाड़ चढ़ रहे हैं." त्यानंतर तो आपल्याकडे जरा सांभाळूनच बघायचा.

आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर तू मला तो डोंगर थोडा थोडा देत गेलीस. दोन उंचवट्यांमधल्या खिंडीत वारा असा येतो की बोललेलं वाक्य पुढच्याला न मिळता मागच्याला मिळतं. एका बाजूला शहर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला जमीन एकदम खाली जाते, ताट कलंडावं तशी. खाली गावात बाया निखाऱ्यावर कणसं भाजतात, वर लिंबू आणि तिखट. एक डॉक्टर गवतावरून घसरला आणि रानरेड्यानं धडक दिली असं महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला. एका नर्सनं होणाऱ्या नवऱ्याला डोंगरावर नेलं आणि तिसऱ्या उंचवट्यावर पोचेपर्यंत लग्न मोडलं, कारण तो सबंध वाट पुढं चालला आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही. ही गोष्ट मी तुझ्याकडून किती वेळा सांगवून घेतली असेल! मी मध्येच विचारायची, "तिसरा म्हणजे रेडिओच्या टॉवरच्या आधीचा की नंतरचा?" तू म्हणायचीस, "चौकशी खिडकी जेवणासाठी बंद." एकदा मी विचारलं, "फिलू, तू थकायची नाहीस का गं?" त्यावर तू म्हणालीस, "रविवारी कुणी थकतं का गो?" मला ते उत्तर फार आवडलं होतं. ते उत्तर नव्हतंच, हे आत्ता कळतंय.

दरवर्षी मी म्हणायची, चल ना, विमान सरळ जातं, पाच-साडेपाच तासांत उतरू. दरवर्षी तुझी ड्युटी निघायची. या वर्षी मी ईदच्या सुट्टीची तिकिटं समोर ठेवली आणि तू हो म्हणालीस, इतक्या पटकन की मीच दोनदा विचारलं. "यल्ला, जाऊ या," म्हणालीस. नैरोबीतली तुझी जुनी मैत्रीण ग्रेस, तिला फोनही केलास.

मग तू गेलीस. हे वाक्य लिहिलं तरी त्याचा अर्थ मला अजून लागत नाही. हार्ट, असं अँथनीनं फोनवर सांगितलं आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "पण ती तर जिने चढते." त्या दुपारी मी तुला न्गाँगचा नकाशा पाठवला होता, सातही शिखरांवर लाल गोल करून. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तू तो पाहिलास. पाहून हसलीस, की वैतागलीस, की कबूल केलंस? मी आजही तो चॅट उघडते आणि त्या खुणांखाली काही येतंय का बघते. बावळटपणा आहे, पण बघते.

जाऊ की नको, या विचारात मी होते तर मिलिंद म्हणाला, "जा. तुला इथं बसून चैन पडायची नाही, आणि मला पडू द्यायची नाहीस." त्याचं खरं होतं.

ग्रेस मला घ्यायला आली. उंच, भक्कम बाई, केस अगदी बारीक कापलेले आणि पांढरे. मला बघून तिनं आधी दोन्ही हात धरले आणि नुसती "पोले, पोले" म्हणत राहिली. मला वाटलं हळू चाल म्हणते आहे, कारण तो शब्द तू जिन्यावर तसाच वापरायचीस. तिनं सांगितलं, जोडून म्हटलं तर हळू, सुटं सुटं म्हटलं तर ते वाईट वाटलं असं सांगणं असतं. मग आम्ही तिच्या भाच्याच्या गाडीतून न्गाँग गावात आलो. तिथून डोंगराच्या गेटपाशी तिकीट, सोबत एक रखवालदार, आणि सुरुवातीलाच पवनचक्क्यांची रांग. त्यांच्याबद्दल तू कधी बोलली नव्हतीस, पण तुझ्या काळात त्या एवढ्या नसतील म्हणून मी ते सोडून दिलं.

फिलू, काय सांगू तुला! दोह्याच्या भट्टीतून निघालेली मी, आणि तिथं थंडी! खाली गावात कणसं भाजणारी बाई भेटली, लिंबू-तिखट लावून. एक खूण बरोबर. खिंडीत मी ग्रेसला काहीतरी म्हणाले आणि मागून येणारा कॉलेजचा पोरगा "सॉरी?" म्हणाला. दुसरी खूण बरोबर. गवत एका कडेनं वाळलेलं, दुसऱ्या कडेनं ओलं हिरवं, गुरं आरामात चरत होती, आणि पश्चिमेला जमीन खरंच कलंडलेली. तुझी एकेक गोष्ट पडताळून बघताना मला इतका आनंद होत होता की तू नाहीस हे मी अधूनमधून विसरत होते. चढ मला जमत होता. माझ्यापेक्षा निम्म्या वयाची मुलं थांबून धापा टाकत होती आणि मी पुढं. आपला जिना वाया गेला नाही, असं मी तुला मनात सांगितलंसुद्धा.

मग पहिला उतार आला.

माझे पाय लटपटायला लागले. मांड्यांत गोळे, गुडघे जाग्यावर राहीनात, आणि धुळीवर वाळलेलं गवत, त्यावरून बूट सरकायचा. चार पावलं गेले आणि खाली बसले. उरलेला उतार मी लहान मूल जिना उतरतं तसा बसून, घसरत उतरले. ग्रेस हसून हसून वाकली. मला हसू आलं आणि पाठोपाठ एक विचार आला. हा उतार ज्यानं आयुष्यात एकदाच उतरलाय, तोसुद्धा दुसऱ्याला लिफ्टनं खाली यायला सांगणार नाही. तो तर आधी उतरायलाच शिकवेल. आणि तू म्हणालीस, उतरणं आपोआप होतं.

मला गप्प बसता येत नाही, तुला माहीत आहे. पुढच्या उंचवट्यावर वाऱ्याला पाठ करून बसल्यावर मी ग्रेसला विचारलं, "फिलू इथं किती वेळा आली होती?"

"फिलो? इथं?" ग्रेस म्हणाली. "ती कधीच आली नाही."

मी म्हणाले, असं कसं, तिनं तर मला सगळं सांगितलंय. खिंडीतला वारा, रानरेडा, तो पुढं चालणारा नवरा.

"तो माझा होता," ग्रेस म्हणाली. "नवरा नाही झाला, पण माझा होता."

मग तिनं सांगितलं. तुमच्या वॉर्डात रविवारी सगळ्यांना सुट्टी हवी असायची, आणि तू कुणाचाही रविवार घ्यायचीस. सकाळी चर्चमध्ये पहिल्या मिस्सेला जाऊन थेट ड्युटीवर. बदल्यात दुसरा दिवस मागायची नाहीस. अट एकच: जो जाईल त्यानं परत येऊन डोंगर सांगायचा. बसून, नीट, सगळा. दमून आलेल्या माणसाच्या हातात तू चहा द्यायचीस आणि समोर खुर्ची ओढून बसायचीस. "आणि सुटका नसायची," ग्रेस म्हणाली. "गवत कुठल्या रंगाचं होतं? गुरं किती होती? ढग कुठल्या बाजूनं आले? आम्ही डोंगरावर नीट बघायला लागलो ते फिलोमुळे. परत जाऊन तिला काय सांगायचं, ही काळजी असायची." रानरेड्यावाल्या डॉक्टरनं खरं फक्त तुझ्याजवळ कबूल केलं होतं, म्हणे.

आणि मला चौकशी खिडकी म्हणत होतीस!

मी विचारलं, मग ती चारच उंचवटे आहेत असं भांडायची का? ग्रेसनं पूर्वेकडे हात केला. खूप लांब, धुरकट उजेडात शहर होतं. "आमच्या वॉर्डच्या खिडकीतून चारच दिसतात," ती म्हणाली. "मुठीची पेरं दिसावीत तसे. इथं पूर्वी एक राक्षस पडला आणि त्याचा हात वर राहिला असं लोक सांगतात. फिलो रोज सकाळी औषधं द्यायच्या आधी खिडकीशी जाऊन ते बघायची. ढग असले की म्हणायची, आज डोंगर रजेवर."

म्हणजे तू मोजले होतेस. चार म्हणालीस ते खोटं नव्हतं. पण फिलू, मला तुझा राग आला. मी तिथं वाऱ्यात बसून तुझ्यावर, गेलेल्या माणसावर, चांगली चिडले. इतकी वर्षं मला दुसऱ्यांचे पाय दिलेस आणि स्वतःचे म्हणून दिलेस. जिन्यात माझ्यापुढं एक पायरी वर उभी राहून तज्ज्ञासारखी बोलत होतीस. मी सगळ्या जगाच्या बाटल्या तपासते आणि माझ्याच घरातली एक तपासायची राहिली! एकदा तरी सांगायचंस की गं. मी हसले असते, चार दिवस टोमणे मारले असते, आणि विसरले असते.

थोड्या वेळानं राग जाऊन त्याच्या जागी नेहमीचं माझं सुरू झालं: का? इतकी ओढ होती तर एक रविवार जायला काय हरकत होती? ग्रेस म्हणाली, तेच तिनंही विचारलं होतं. एकदा तर सगळ्यांनी मिळून तुझी सुट्टी काढली होती, तुझ्यासाठी बूटसुद्धा मागून आणले होते. तू ऐन वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलंस आणि ग्रेसला म्हणालीस, "मी एकदा जाऊन आले की तुम्ही मला सांगायचं बंद कराल."

"आणि या वर्षी?" मी विचारलं. "या वर्षी तर ती येणार होती. तिकीट काढलं होतं आम्ही."

ग्रेसनं माझ्याकडे वळून बघितलं. तुला माहीत नाही का, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. मग म्हणाली, "फोनवर तिनं मला सांगितलं, माझी मैत्रीण येते आहे, तिला तू वर घेऊन जा. मी गेटपाशी चहा घेऊन बसते. ती आली की तिला फार बोलायचं असेल."

फिलू, त्यानंतर मी खूप रडले. रखवालदार बिचारा घाबरून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. उरलेले उंचवटे मी तुला काय काय सांगायचं ते बघत चालले. पाचव्यावर झाडांची दाट राई आहे, आत शिरलं की वारा एकदम बंद होतो आणि कान रिकामे झाल्यासारखे वाटतात. हे तुला कुणी सांगितलं होतं का? सहाव्यावर एका आजोबांचा मेंढ्यांचा कळप होता, एका मेंढीच्या गळ्यात प्लास्टिकची बाटली घंटेसारखी बांधलेली. सातव्यावर काही नाही, नुसतं गवत आणि आभाळ, आणि एक जोडपं मोबाईलवरून भांडत होतं. मग उतार. तो मी ग्रेसचा हात धरून उतरले. खाली आले तेव्हा चहावाले होते, कणीसवाले होते, भाच्याची गाडी वळसा घालून येऊन उभी होती. "कसं होतं?" असं मात्र कुणी विचारलं नाही. ग्रेस माझ्याबरोबरच चालून आली होती, तिनं काय विचारायचं?

परतीच्या विमानात मला शेरॉनची काळजी लागली. पोरीनं आई चालली त्या वाटेवर चालायला डिसेंबरचं तिकीट काढलंय. तिला काय सांगू? मिलिंदला विचारलं तर तो म्हणाला, "कशाला सांगतेस? पोरीची आई गेलीय, डोंगर तरी राहू दे तिच्याजवळ." मी म्हणाले, पहिल्याच उतारावर तिला कळेल, किंवा ग्रेस सांगेल. तो म्हणाला, "मग तेव्हा कळू दे." आम्ही दोन दिवस यावर वाद घातला. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलून तुला त्या पोरीच्या डोळ्यांत लहान करायचंही नव्हतं. तूच असं कोड्यात टाकून गेलीस, आणि विचारायला तूच नाहीस.

तुझी महिन्याची मिस्सा शुक्रवारी झाली. तू म्हणायचीस ना, इथं रविवार शुक्रवारी येतो. चर्च भरलं होतं. हॉस्पिटलमधल्या तुझ्या मुली, मल्याळी, फिलिपिनो, गोव्याच्या, सगळ्या आल्या होत्या, आणि बाहेर आल्यावर एकीनं मला सांगितलं, "सिस्टर फिलोमिना माझ्या सगळ्या नाताळच्या ड्युट्या घ्यायची. बदल्यात फोटो नको म्हणायची. म्हणायची, फोटो नको, सांग."

पार्किंगमध्ये शेरॉन गाडीत एसी लावून बसली होती. अँथनी बाहेर लोकांचे हात हातात घेत उभा होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिनं लगेच हात पुढं केला, "फोटोज?" मी फोन दिला नाही. सगळं सांगून टाकलं. खिडकी, रविवार, चहा, ग्रेसचा पुढं चालणारा माणूस, गेटपाशी बसायचा बेत, सगळं. सांगताना मी समोरच्या काचेकडे बघत होते.

ती आधी माझ्याकडे वळली. मग हसायला लागली. "ओ माय गॉड, आंटी. सिमैस्मा." मला कळेना. "सिमैस्माचा बीच! एव्हरी विंटर वी वेंट. ममा नेव्हर वेंट इन द वॉटर. नॉट वन्स. सगळ्यांची घड्याळं, चष्मे मांडीवर घेऊन बसायची, अँड द मिनिट यू केम आउट, 'पाणी कसं होतं? सांग.' आय युज्ड टू गेट सो इरिटेटेड. आय युज्ड टू से, ममा, जस्ट गो अँड सी!" हे म्हणता म्हणता तिचं हसणं बदललं आणि ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

अँथनीनं काचेवर टकटक केलं. शेरॉननं काच खाली केली. "पप्पा, डिड यू नो? ममा न्गाँग चढलीच नव्हती."

तो गोंधळला. "कोण म्हणालं चढली होती?" तो म्हणाला. "तिला उंचावर गरगरायचं. घरातला बल्बसुद्धा मी बदलतो. मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तो गेला.

तर फिलू, हे असं आहे. ग्रेस म्हणते ऐकायची हौस. तुझा नवरा म्हणतो चक्कर. खरं कोणतं? दोन्ही असेल. नवऱ्याला एक सांगितलं असशील आणि मैत्रिणीला एक. मला तिसरं सांगितलं असतंस का? एवढ्या वर्षांत मी तुला हजार प्रश्न विचारले आणि हा एक विचारायचा राहिला, कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे अशी माझी खात्री होती.

शेरॉनचं तिकीट रद्द करायचं का, मी विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "नो, आय'ल गो. ऑल सेव्हन." मग म्हणाली, "बट देन हू डू आय टेल?"

मी विचार न करता म्हणाले, "मला."

तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी तुझ्यासारखं, एक भुवई वर. "आंटी, यू विल इंटरप्ट."

मी नाही बोलणार म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, आणि माझाही नाही. ती नैरोबीहून थेट माझ्या घरी येणार आहे. मी चहा करीन, समोर खुर्ची ओढून बसेन, हे सगळं मला जमेल. पण ती पोर खिंडीतला वारा सांगायला लागेल तेव्हा तो मला माहीत असणार. राई माहीत असणार, उतार तर चांगलाच माहीत असणार. तिला एकही गोष्ट अशी सांगता येणार नाही जी मी पाहिलेली नाही. तुझंही तेच होतं ना? तोच डोंगर, तीच कणसं, दर रविवारी वेगळ्या माणसाच्या तोंडून. आणि ग्रेस म्हणते की प्रत्येकाला वाटायचं, फिलो हे पहिल्यांदाच ऐकते आहे. ते कसं करायचीस गं? डिसेंबर जवळ येतो आहे. एवढं तरी मला सांगून जायचंस.